कबुलीजबाब : दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथेच्या एका संकेताचा इतिहास

नाटकगृहात नांदी झाली की आता खेळ सुरू होणार हे प्रेक्षकास कळते, आणि विदूषक रंगभूमीवर आला की आता हसावयाचे आहे हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. अशा रूढींस आपण संकेत म्हणतो. संकेत म्हणजे नाटककार व प्रेक्षक ह्यांच्यामधील एक न लिहिलेला करार होय. दूरचित्रवाणीवर गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे चालत आलेल्या गुन्हेकथांचेही असेच संकेत आहेत. पहिल्या पाच मिनिटांत प्रेत सापडावयाचे. ज्यावर सर्वांचा संशय तो निर्दोष निघावयाचा. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचे घर मोडलेले असावयाचे. वरिष्ठाने त्यास प्रकरणातून काढून टाकावयाचे व त्याने ते न ऐकता तडीस न्यावयाचे. हे सारे इतके ठरून गेले आहे, की आमच्या ओळखीच्या एका घरात आजी विणकाम करता करता पडद्याकडे न पाहताच खुनी कोण ते सांगतात, आणि बहुधा चुकत नाहीत.

असल्या करमणुकीची चर्चा वाङ्मयीन मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सुशिक्षित कुटुंबांतील मोठमोठ्या मंडळींसही न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तपास कसा होतो, पुरावा कशास म्हणावे, आरोपी केव्हा दोषी ठरतो, ह्याविषयी आपल्या ज्या काही कल्पना असतात त्या पुष्कळ अंशी ह्या मालिकांनीच घडविलेल्या असतात. म्हणून त्यांच्या संकेतांपैकी एकाचा, म्हणजे शेवटी येणाऱ्या कबुलीजबाबाचा, इतिहास पाहावा असे आम्ही योजिले आहे. हा साचा आपणांकडे अमेरिकेतून आला; तेव्हा आरंभही तिकडूनच केला पाहिजे.

इ. स. १९४८ मध्ये ‘ही वॉक्ड बाय नाइट’ नावाचा एक चित्रपट तयार होत होता. त्यात जॅक वेब नावाच्या तरुण नटास पोलिस-प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची लहानशी भूमिका होती. चित्रपटास सल्ला देण्यासाठी आलेल्या लॉस एंजेलिसच्या एका पोलिस सार्जंटाने त्यास सुचविले, की खऱ्या पोलिस-दप्तरातील प्रकरणांवर काहीतरी करून पाहा. त्यातून १९४९ च्या जून महिन्यात ‘ड्रॅग्नेट’ ही नभोवाणी-मालिका निघाली आणि १९५१ च्या डिसेंबरात ती दूरचित्रवाणीवर आली. वेब स्वतःच तिचा नायक, निर्माता व दिग्दर्शक. आरंभी निवेदक सांगे, की ही कथा सत्य आहे, केवळ निरपराध्यांच्या रक्षणासाठी नावे बदलली आहेत. मग तारीख, हवा, कोणत्या पाळीवर कोण होते, अशी रोजनिशीसारखी कोरडी माहिती. सार्जंट फ्रायडे तुटक बोलतो, हसत नाही, रागावतही नाही. त्याच्या तोंडी असल्याचे जे प्रसिद्ध वाक्य जगभर सांगितले जाते, की बाईसाहेब, फक्त वस्तुस्थिती सांगा, ते त्या स्वरूपात त्याने कधीच उच्चारलेले नाही. १९५३ मध्ये स्टॅन फ्रीबर्ग ह्या विनोदी कलावंताने मालिकेचे जे विडंबन केले त्याने ते लोकांच्या तोंडी बसले. विडंबनाने मूळ कृतीवर मात करावी असे वाङ्मयात क्वचितच घडते.

ह्या कोरडेपणामुळे लोकांस वाटले, हेच खरे पोलिसी जीवन. परंतु त्या खरेपणाची किंमत ठरलेली होती. खात्याने वेबला प्रकरणांची दप्तरे, गाड्या, इमारती व सल्लागार द्यावयाचे, आणि त्याने प्रत्येक भागाची संहिता खात्याकडे आधी पाहावयास पाठवावयाची. १९५० ते १९६६ पर्यंत लॉस एंजेलिसचे पोलिसप्रमुख असलेले विल्यम पार्कर हे आपल्या खात्याच्या लौकिकाविषयी अत्यंत दक्ष गृहस्थ होते. तेव्हा ‘ड्रॅग्नेट’मध्ये पोलिस लाच घेत नाही, निरपराध्यास मारीत नाही आणि सहसा चुकतही नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये त्याच शहराच्या वॉट्स ह्या कृष्णवर्णीय वस्तीत सहा दिवस दंगल पेटली व ३४ माणसे मेली. तेथील रहिवाशांचा पोलिसांवरील वर्षानुवर्षांचा रोष तीत बाहेर पडला. त्या रोषाची कल्पना दहा वर्षे नित्यनेमाने ‘ड्रॅग्नेट’ ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या कुटुंबास आली असती असे आम्हांस वाटत नाही.

तरीही ‘ड्रॅग्नेट’च्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक भागाच्या शेवटी गुन्हेगार भिंतीपुढे अवघडून उभा राहिलेला दिसे, आणि निवेदक अमुक तारखेस अमुक न्यायालयात खटला चालला, निकाल असा लागला, शिक्षा एवढी झाली, असे वाचून दाखवी. हे पोलिसाच्या तोंडचे शब्द नव्हेत. पकडणे हे फ्रायडेचे काम. शिक्षा ठरविणे दुसऱ्या कोणाचे, एवढा भेद त्या मालिकेने पाळला. पुढे हा भेद कसा पुसत गेला ते दिसेलच.

पोलिसाऐवजी वकिलास नायक केले म्हणजे आरोपीची बाजू पुढे येईल, असे सहज वाटते. अर्ल स्टॅन्ली गार्डनर ह्यांचा पेरी मेसन १९३३ पासून कादंबऱ्यांतून गाजत होता, आणि लेखक स्वतः वकिली केलेले गृहस्थ. १९५७ ते १९६६ पर्यंत रेमंड बर ह्यांनी ही भूमिका केली. २७१ भाग झाले. मेसनचा अशील निर्दोषच असावयाचा, सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर हरावयाचाच. परंतु अशील सुटतो तो कशाने? पुरावा अपुरा पडला म्हणून नव्हे. मेसन उलटतपासणीत असा काही पेच टाकतो, की खरा खुनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, कधी तर प्रेक्षकांच्या बाकावरूनच, उठून ओरडतो, होय, मीच मारले! संशयाचा फायदा हे कायद्याचे जे मोठे तत्त्व, त्याचा येथे उपयोगच उरत नाही. आरोपी निर्दोष ठरण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी दोषी ठरून दाखविलेच पाहिजे, अशी ही अट आहे. खऱ्या न्यायालयात ती कोठेच नाही. पण मालिका पाहिलेल्या ज्यूरीच्या मनात ती असावी, अशी कुरकुर वकीलवर्ग करीत असे, आणि ती आम्हांस अगदीच निराधार वाटत नाही.

कबुलीजबाब हाच शेवट का व्हावा, ह्याचे उत्तर काही अंशी घड्याळात आहे. अर्धा तास किंवा एक तास, त्यात जाहिरातींचे विराम, आणि पुढच्या आठवड्यास नवी कथा. साक्षीपुराव्याची तोलाई, अपील, फेरतपास ह्यांना त्यात जागा नाही. एका माणसाने स्वमुखाने सांगितले की गाठ सुटते, आणि ती सुटली हे आठ वर्षांच्या मुलासही समजते. पण दुसरे कारण अधिक खोल आहे. गुन्हेगाराने कबूल केले म्हणजे शिक्षा देणाऱ्याच्या मनावरील ओझे उतरते. आपण त्यास दोषी ठरविले नाही, त्यानेच स्वतःस ठरविले, असे समाधान प्रेक्षकास लाभते व तो स्वस्थ निजावयास जातो.

१९६६ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्याचा निकाल दिला. ताब्यातील संशयितास प्रश्न विचारण्यापूर्वी, तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, तू बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल, तुला वकील मिळेल, असे सांगितलेच पाहिजे, असा त्याचा आशय. लगेच पुढच्या जानेवारीत ‘ड्रॅग्नेट’ पुन्हा सुरू झाली आणि सार्जंट फ्रायडे ही सूचना अक्षर न गाळता म्हणू लागला. त्यानंतर अशी पोलिस-मालिका क्वचितच झाली जीत हातकड्या घालताना हे शब्द ऐकू आले नाहीत. २००० मध्ये तो निकाल फिरवावा काय असा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा ही सूचना आता राष्ट्रीय संस्कृतीचाच भाग बनली आहे, असे मुख्य न्यायाधीशांनी निकालात नमूद केले. न्यायाधीशांनी मालिकांचे नाव घेतले नाही. पण शाळकरी पोरांस हे शब्द पाठ झाले ते काही निकालपत्रे वाचून नव्हे! एक कायदेशीर हक्क करमणुकीच्या वाटेने घरोघर पोहोचला, हे श्रेय ह्या साच्यास दिलेच पाहिजे.

‘कोलंबो’विषयी थोडक्यातच लिहितो, जरी आम्हांस ती सर्वांत आवडते. रिचर्ड लेव्हिन्सन व विल्यम लिंक ह्या जोडीने तिची रचना केली. १९६८ मध्ये पहिला दीर्घ भाग, १९७१ पासून मालिका. खून कोणी व कसा केला हे प्रेक्षकास आरंभीच दाखवावयाचे, ही युक्ती ऑस्टिन फ्रीमन ह्या इंग्रज लेखकाने १९१२ च्या कथासंग्रहातच वापरली होती. चुरगळलेला रेनकोट घातलेला, विसराळू भासणारा पोलिस अधिकारी आणि आलिशान बंगल्यातील अहंकारी खुनी, असा तो सामना. येथे कबुलीजबाब मारून किंवा धमकावून मिळत नाही. पाहुणा जाता जाता दारातून परत वळतो आणि आणखी एकच शंका विचारतो, एवढेच. शिवाय गुन्हेगार दोषी आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून चुकीच्या माणसावर आळ येण्याचे भय राहत नाही. ते भयच काढून टाकले म्हणून हा खेळ इतका निर्मळ राहिला.

१९८१ च्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ने एक तास एक प्रकरण हे बंधन तोडले. पाच-सहा कथानके एकदम चालू, त्यांतील काही पुढच्या आठवड्यात, काही कधीच न संपणारी. प्रेक्षक आरंभी थोडे मिळाले, पारितोषिके मात्र पहिल्याच वर्षी आठ! तिच्या मागून आलेल्या गंभीर मालिका ह्याच वाटेने गेल्या. परंतु कबुलीजबाबाच्या संकेतावर खरा हात घातला तो १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘होमिसाइड’ने. डेव्हिड सायमन ह्या बातमीदाराने १९८८ हे वर्ष बाल्टिमोर शहराच्या खून-तपास पथकाबरोबर काढून एक ग्रंथ लिहिला होता. त्यावर ही मालिका आधारलेली. चौकशीच्या खोलीस तेथे पेटी म्हणतात. सायमन ह्यांनी चौकशी करणाऱ्यास विक्रेत्याची उपमा दिली आहे. ज्यास तुरुंगाची यत्किंचितही गरज नाही अशा गिऱ्हाइकास त्याला तुरुंगच विकावयाचा असतो.

त्या पहिल्याच वर्षातील ‘थ्री मेन अँड अडीना’ हा टॉम फोंटाना ह्यांनी लिहिलेला भाग जवळजवळ संपूर्ण त्या पेटीतच घडतो. अडीना नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीचा खून झाला आहे. ज्याच्यावर संशय तो घोड्याच्या गाडीवरून भाजीपाला विकणारा वृद्ध फेरीवाला. मोझेस गन ह्या थोर नटाने ती भूमिका केली आहे. पेम्बल्टन व बेलिस ह्या दोन अधिकाऱ्यांस त्याला बारा तास प्रश्न विचारण्याची मुभा आहे. नंतर सोडून द्यावे लागेल. ते गोड बोलतात, दरडावतात, खोटे सांगतात, त्याच्या जुन्या व्यसनाची लाज काढतात. म्हातारा रडतो, संतापतो, उलट त्यांचीच मर्मे काढतो. प्रत्येक क्षणी वाटते, आता हा मोडणार. नेहमीच्या हिशेबाने मोडावयास हवाच. तास संपतात, तो कबूल करीत नाही. त्यास घरी पाठविले जाते. आणि आरंभी ज्या अधिकाऱ्यास शंका होती त्याची आता खात्री पटली आहे, आणि ज्याची खात्री होती तोच आता शंकेत पडला आहे. ते प्रकरण मालिकेत अखेरपर्यंत सुटले नाही; ज्या खऱ्या प्रकरणावरून ते घेतले तेही सुटले नव्हते.

हा भाग आम्ही प्रथम पाहिला तेव्हा शेवटी फसविल्यासारखे वाटले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मागाहून आमच्या ध्यानात आले, की त्या तासाभरात आम्ही एका म्हाताऱ्याच्या मोडण्याची वाट पाहत होतो. तो दोषी आहे की नाही हे आम्हांसही ठाऊक नव्हते. तरी त्याने कबूल करावे असे आम्हांस मनापासून वाटत होते. इतर शेकडो भागांतही आमची अवस्था हीच असणार, परंतु तेथे शेवटी कबुली मिळत असल्याने ती कधी उघडी पडली नव्हती.

प्रत्यक्षात अशा वाट पाहण्याचे फळ काय होते ह्याचे उदाहरण त्याच सुमाराचे आहे. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका स्त्रीवर भीषण अत्याचार झाला. पाच अल्पवयीन मुलांस पकडण्यात आले व त्यांतील चौघांनी चित्रफितीवर कबुली दिली. चित्रफीत पाहिल्यावर कोणास शंका उरणार? त्यांना शिक्षा झाल्या. २००२ मध्ये दुसऱ्याच एका कैद्याने गुन्हा सांगितला, डीएनए चाचणीने तो त्याचाच ठरला, आणि पाचही जणांवरील दोषारोप त्या डिसेंबरात रद्द झाला. तोपर्यंत त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती.

१९९० मध्ये निघालेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’ची वाटणी सर्वश्रुत आहे. पहिला अर्धा तास पोलिसांचा, दुसरा सरकारी वकिलांचा. येथे पोलिसांनी मिळविलेला कबुलीजबाब न्यायाधीश पुष्कळदा बाद करतात. म्हणजे कायद्याचे तत्त्व पडद्यावर आले खरे. पण आले ते अडथळ्याच्या रूपाने. तोपर्यंत आरोपी दोषी आहे हे आपण जाणून असतो, त्यामुळे न्यायाधीश आपणांस आडमुठे वाटतात व आरोपीचा वकील लबाड. २००० सालच्या ‘सीएसआय’ने माणसाच्या बोलण्याऐवजी केस, धागे व रक्ताचे थेंब बोलके केले. ह्या शास्त्राची खरी पत काय, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात सांगितले. डीएनए सोडल्यास कोणत्याही पद्धतीने अमुक नमुना अमुकच व्यक्तीचा असे निश्चयाने सांगता येते, हे कसोशीने सिद्ध झालेले नाही. पडद्यावर ही अनिश्चितता कशी दिसावी! तेथे यंत्र एक शिट्टी वाजविते आणि नाव उमटते.

साहस-मालिकांनी ह्या संकेताचे जे केले ते मात्र भयंकर आहे. ‘ट्वेंटी फोर’ ही मालिका नोव्हेंबर २००१ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर अवघ्या आठ आठवड्यांत, सुरू झाली. एका दिवसाचे चोवीस तास चोवीस भागांत, आणि पडद्यावर टिकटिकणारे घड्याळ. बॉम्ब फुटण्यास काही मिनिटे उरली आहेत, ज्यास ठिकाण ठाऊक आहे तो समोर खुर्चीला बांधलेला आहे. मग नायकाने काय करावे? तो छळ करतो, आणि छळास उत्तर मिळते. बहुधा खरे व वेळेत. घड्याळाची अडचण, जी मुळात जाहिरातीच्या वेळापत्रकाची होती, ती येथे नीतीचे समर्थन बनली. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट सैनिकी विद्यालयाचे अधिष्ठाता ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन हे अनुभवी चौकशी-अधिकाऱ्यांस बरोबर घेऊन निर्मात्यांस भेटले. छळाने खरी माहिती मिळत नाही. पण आमचे विद्यार्थी तुमची मालिका पाहून तसे मानू लागले आहेत, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. एका सेनाधिकाऱ्याने नाटकवाल्यांकडे जाऊन संकेत बदलण्याची विनंती करावी, ह्यापरता संकेतांच्या सामर्थ्याचा दाखला कोणता?

आता आपल्या घराकडे वळू. येथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, ती अशी की कबुलीजबाबाविषयी आपला कायदा अमेरिकेपेक्षा अधिक कठोर आहे. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशी-मंडळाने अहवाल दिला. सारावसुलीसाठी व गुन्हा कबूल करविण्यासाठी रयतेस कसे छळले जात होते ह्याची हकीकत त्यात आहे. १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात नियम आला, की पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यात घेता येणार नाही. तोच १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ म्हणून आला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ म्हणून कायम आहे. ताब्यातील आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरते त्याचे सांगणे घेता येते, बाकीचे नाही. छळ झाला की नाही, कबुली खुषीची होती की नाही, हे पाहत बसण्यापेक्षा पोलिसापुढील कबुलीच नको, असे आमच्या कायद्याने ठरविले. परक्या सरकारने केलेल्या ज्या थोड्या गोष्टी स्वराज्यानेही आदराने जपल्या त्यांत ही एक होय.

अशा देशातील सर्वांत दीर्घायुषी गुन्हेमालिकेचा शेवट कसा होतो? बी. पी. सिंग ह्यांनी आधी दूरदर्शनच्या मुंबई केंद्रासाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती. पोलिस-दप्तरातील खऱ्या प्रकरणांवर ती आधारलेली, म्हणजे एका अर्थी आपली ‘ड्रॅग्नेट’च. तीत काम केलेले शिवाजी साटम पुढे त्यांच्याच हिंदी ‘सीआयडी’मध्ये एसीपी प्रद्युम्न म्हणून भारतभर ओळखले गेले. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली; दीड हजारांवर भाग झाले; मध्यंतरी २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग चित्रणात घेण्याचा विक्रमही तिने केला. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. एसीपींची बोटे फिरविण्याची लकब, दयाने खांद्याने फोडलेली दारे, डॉ. साळुंखे ह्यांची सर्वज्ञ प्रयोगशाळा ही सर्व घराघरांत पाठ आहेत. त्यांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती प्रेमाने पुष्कळ झालीही आहे; आम्ही स्वतः मुलांबरोबर बसून ती आवडीने पाहिली आहे.

शेवटची पाच मिनिटे मात्र जरा निरखून पाहावी. संशयित नाकारतो. एक थप्पड बसते. तो सांगू लागतो, आणि तो सांगत असताना पडद्यावर गुन्ह्याचे दृश्य उमटते. ही दृश्याची युक्ती नीट लक्षात घेतली पाहिजे. कबुली हा केवळ एका घाबरलेल्या माणसाचा शब्द. तो खरा की खोटा हे ठरावयाचे असते. पण कॅमेऱ्याने तेच घडताना दाखविले की तो शब्द राहत नाही, वस्तुस्थिती बनतो. थपडेने खोटे कबूल करविले असते तर ते दृश्य पडद्यावर कसे आले असते? त्यानंतर पुष्कळदा एसीपी त्यास सांगतात, की आता तुला फाशी होणार. ‘ड्रॅग्नेट’ने निवेदकाकडे, म्हणजे पर्यायाने न्यायालयाकडे, राखलेले वाक्य येथे पोलिसाच्या तोंडी आले आहे. १९८० पासून सर्वोच्च न्यायालय फाशी ही विरळातील विरळ प्रकरणासाठीच असल्याचे सांगत आहे. मालिकेत ती नेहमीचीच.

ह्यावर कोणी असे म्हणेल, की लोक नाटक व वास्तव ह्यांतील भेद ओळखतात. ओळखतात खरे. दया दारे फोडतो तशी खरा अधिकारी फोडीत नाही हे पोरेही जाणतात. पण थप्पड दिली की खरे बाहेर येते, हे अतिशयोक्ती म्हणून कोणी मानतो काय? ते तर पुष्कळ घरांत शहाणपण म्हणून सांगितले जाते. दार हा उघड संकेत आहे, थप्पड हा झाकलेला. आणि झाकलेलेच संकेत अधिक काम करतात.

कायद्यानेही सर्वत्र आपला नियम पाळला असे नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचे कलम १८ पोलिस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य मानते. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात ह्याच कलमाखालील कबुल्या होत्या. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांस फाशी व सात जणांस जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या कबुल्यांवर विश्वास ठेवण्यास नकार देऊन बाराही जणांस निर्दोष ठरविले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून घेऊ नये, असा आदेश दिला. मात्र सुटलेल्यांस परत तुरुंगात जाण्यास सांगितले नाही. उच्च न्यायालयाच्या निकालाच्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओळखीच्या मंडळींत जो संताप दिसला तो मृतांविषयीच्या कळवळ्याचा होता, आणि त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु एकोणीस वर्षे गेली, आता खरा गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्या संध्याकाळी फारसा कोणी विचारला नाही. त्यांनी तर कबूल केले होते, एवढेच जो तो म्हणत होता.

आपल्या रंगभूमीला हा विषय नवा नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकात, जे देवलांनी मराठी प्रेक्षकांस घरचे करून दिले, नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खटला चालतो. मैत्रेयाच्या कनवटीचे अलंकार भर न्यायसभेत खाली पडतात. परिस्थितीचा पुरावा पुरा होतो. शकार म्हणतो, मी मारले असे एकदा म्हणून टाक. जगण्याचा कंटाळा आलेला चारुदत्त उत्तरतो, की ते तूच म्हणालास. झाले! शकार ओरडतो, ऐका, ह्याने कबूल केले! ह्या सभेत न्यायाधीश दुष्ट नाहीत, पुरावा समोर आहे, कबुलीही आल्यासारखी आहे. परंतु वसंतसेनेचा गळा कोणी दाबला हे प्रेक्षकाने आठव्या अंकातच पाहिले आहे, आणि ती जिवंत आहे हेही. नाटककाराने प्रेक्षकास न्यायाधीशाच्या बाजूस बसविले नाही, आरोपीच्या बाजूस बसविले. पुढे वधस्थानी ती अगदी वेळेवर येऊन पोहोचते, हाही अर्थात एक संकेतच आहे.